दुसऱ्या बाजूचं डी बटण : एका पार्लरच्या गटाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात, स्टेशनला लागून, दहा बाय बाराच्या गाळ्यात व्हिडिओ गेम पार्लर होतं. सहा मशीन. पाचांवर शाळेतून येता-जाता पोरं 'मुस्तफा' आणि असलेच मारामारीचे गेम खेळायची. सहाव्यावर 'द किंग ऑफ फायटर्स 97' होता. एसएनके कंपनीचा, 1997 चा, निओ जिओच्या एमव्हीएस बोर्डावर, म्हणजे पार्लरच्या मशीनसाठी बनवलेल्या सर्किट बोर्डावर, चालणारा. दोन्ही बाजूंना तीन-तीन पात्रांची टीम, चार बटणं आणि एक दांडी. या एका मशीनभोवती सात जणांचा गट जमला आणि पार्लर बंद पडेपर्यंत टिकला.

इथे कोणाचंही खरं नाव दिलेलं नाही. प्रत्येकाला त्याच्या हुकमी पात्राच्या नावाने ओळखलं आहे. पार्लरमध्येही तसंच चालायचं, आडनावं कोणाला माहीतच नव्हती. इओरी आता पुण्यात, चिझुरू नाशिकला, दायमोन दुबईत, चांग न्यू जर्सीत. क्यो आणि टेरी अजून त्याच उपनगरात असून टेरीचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आथेना ठाण्यात. ती पार्लरच्या मालकांची भाची, म्हणून तिचे ते मामा आणि बाकी सगळ्यांचे काका.

पार्लरचे नियम लक्षात घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. काचेवर कॉइन ठेवला की नंबर लागला. हरला तो उठला, जिंकला तो बसून राहिला. मात्र त्याने उजवीकडच्या म्हणजे दुसऱ्या खेळाडूच्या बाजूला सरकायचं. त्या बाजूचं डी बटण चालत नसे. या गेममध्ये डी म्हणजे जोरदार लाथ, आणि सी-डी एकत्र दाबले की समोरच्याला उडवून लावणारा फटका. म्हणजे जिंकणाऱ्याला एक लाथ आणि एक फटका कमी. त्या जागेला 'कच्ची बाजू' म्हणत. तीन-तीन पात्रांची एक लढत साधारण चार मिनिटं चाले. चार कॉइन पुढे असले की पंधरा-वीस मिनिटं उभं राहावं लागे. गटातली ओळख, चिडवाचिडवी, एकमेकांच्या घरची खबरबात हे सगळं या उभं राहण्याच्या वेळात झालेलं आहे. खेळताना कोणी बोलत नसे.

अडचण

2020 च्या टाळेबंदीत आथेनाने सगळ्यांचे नंबर शोधून व्हॉट्सअॅप गट केला. एकत्र खेळायची इच्छा सगळ्यांची होती. पुढच्या वर्षी काकांनी गाळा विकायला काढला. पोटमाळ्यावर ते सहावं मशीन तसंच पडून होतं आणि भंगारवाल्याने भाव सांगितला होता. तीन आठवड्यांत निर्णय हवा होता.

इथे दोन वेगळे प्रश्न होते: चार शहरं आणि दोन परदेशी घरं यांनी एकत्र खेळायचं कसं, आणि मशीन वाचवायचं का. गटाने ते एकच मानले. मशीन आलं की गट जमेल, असं गृहीत धरलं. या गृहीतकामुळे पुढचे बरेच पैसे आणि थोडी मैत्रीही चुकीच्या जागी खर्च झाली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे फक्त ऑनलाइन. एसएनकेनेच 2018 मध्ये 'ग्लोबल मॅच' नावाने हा गेम ऑनलाइन खेळण्याच्या सोयीसह पुन्हा विक्रीला आणला होता, पण त्यात तेव्हा जोडणीचा उशीर सरळ बटणावर लादला जाई. लांबच्या अंतरावर हात जड वाटे. फाइटकेड या, जुने पार्लरचे गेम संगणकावर ऑनलाइन खेळायच्या प्रोग्राममध्ये रोलबॅक आहे. समोरच्याचं बटण पोचेपर्यंत प्रोग्राम अंदाजाने पुढे जातो, अंदाज चुकला तर मागच्या फ्रेमवर, म्हणजे पडद्यावरच्या आधीच्या चित्रावर, जाऊन दुरुस्ती करतो. 2006 मध्ये आलेल्या जीजीपीओ या तंत्रावर ते उभं आहे. फाइटकेड गेमची फाइल स्वतः देत नाही. ती आपण आणायची, आणि तिच्यावर स्वामित्वहक्क असतो, हे गटाने एकदा स्पष्ट बोलून घेतलं.

दुसरा पर्याय मशीन विकत घेऊन मूळ बोर्डासह दुरुस्त करण्याचा. तिसरा, खोका तोच ठेवून आत शेकडो गेमवाला तयार बोर्ड आणि एलसीडी पडदा बसवण्याचा. हा स्वस्त आणि लवकर होणारा होता, आणि चिझुरूचा आग्रह यासाठीच होता. चौथा, नुसता बोर्ड आणि कार्ट्रिज (गेम ज्यात असतो तो डबा) काढून घेऊन बाकीचं भंगारात जाऊ देण्याचा. तो क्योने सुचवला आणि कोणी ऐकूनच घेतला नाही. खरं तर मुदत इतकी कमी असताना तोच सर्वांत सावध पर्याय होता. बोर्ड एका पिशवीत मावतो, आणि खोका प्लायवूडचा असल्याने कुठलाही सुतार मोजमापावरून पुन्हा बनवू शकतो.

मतदानात पहिला आणि दुसरा एकत्र करायचं ठरलं. डोईवर 3,500 रुपये, म्हणजे एकूण 24,500. काकांनी मशीनचे 9,000 मागितले. आथेनाने मामांशी घासाघीस करायला नकार दिला, आणि ते बरंच झालं.

काय केलं : ऑनलाइन

सुरुवात ऑनलाइनने झाली, कारण तिथे खर्च नव्हता. वेळ ठरली रविवारी रात्री साडेआठची. दुबईत तेव्हा संध्याकाळचे सात, न्यू जर्सीत सकाळचे अकरा. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं तासभर मागे गेली आणि चांग दोन रविवार उशिरा उगवला. त्यानंतर वेळ भारताच्या घड्याळाने बांधून घेतली.

एमव्हीएसवर सेकंदाला साधारण 59.2 फ्रेम होतात, म्हणजे एक फ्रेम जवळपास 17 मिलिसेकंदांची. उपनगर ते पुणे जाऊन-येऊन 10 मिलिसेकंद लागत होते, एका फ्रेमपेक्षाही कमी. दुबईला 50 च्या आसपास. एका बाजूचा प्रवास दीड फ्रेमचा. न्यू जर्सीला 200, म्हणजे एका बाजूला सहा फ्रेम. बटण मुद्दाम किती फ्रेम उशिरा घ्यायचं याचं सेटिंग असतं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ते सारखंच ठेवलं आणि चांगशी खेळताना पात्रं जागच्या जागी उड्या मारू लागली. नंतर जोडीप्रमाणे आकडे बदलले: पुण्याशी उशीर 1, दुबईशी 1 किंवा 2, न्यू जर्सीशी 2 ते 3, उरलेलं रोलबॅकवर सोडलं. उशीर शून्य ठेवायचा हट्ट लांबच्या अंतरावर करू नये. सहाही फ्रेम रोलबॅकवर टाकल्या की दायमोनची पकड समोरच्याला सुरू होताना दिसतच नाही, एकदम अंगावर येते. चांगचा मात्र फायदा झाला. त्याचा गरगरणारा लोखंडी गोळा बटण धडाधड दाबून निघतो, त्याला अचूक क्षण लागत नाही.

तरीही अर्धे रविवार जोडणीतच जात. कारणं तीनच होती. वायफायवर सरासरी पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) चांगला दिसतो, पण मधूनच उसळी घेतो. केबल लावली की ते थांबलं. मोबाइल हॉटस्पॉटवर एकाच पत्त्यामागे कंपनीचे असंख्य ग्राहक असल्याने दोन संगणक एकमेकांना थेट सापडतच नसत. आणि सातही जणांकडे गेमची फाइल एकच नव्हती.

या तिसऱ्या कारणावरून पहिलं भांडण झालं. ऑनलाइन गेममध्ये ओरोची इओरी, म्हणजे इओरीचंच दुसरं रूप, पात्र-निवडीच्या पडद्यावर सरळ दिसत नव्हता. "आपल्याकडे दिसायचा," यावर चौघे ठाम. इओरी खेळणारा तर फाइलच खोटी आहे म्हणाला. प्रत्यक्षात मूळ आवृत्तीत ते पात्र गुप्त आहे, निवडताना ठरावीक क्रम दाबावा लागतो. पार्लरमध्ये ते उघडं मिळत होतं, कारण तिथलं कार्ट्रिज बनावट, बदल केलेल्या आवृत्तीचं होतं. 'ओरोशी प्लस 2003' सारख्या अशा कितीतरी आवृत्त्या तेव्हा फिरत होत्या, आणि पोरांना कोणती मूळ, कोणती फिरवलेली हे कळायचं काही कारण नव्हतं. म्हणजे आठवण खरी होती आणि फाइलही खरी होती. ऑनलाइन मूळ आवृत्ती आणि मशीनवर कार्ट्रिज जसं आहे तसं, असा तोडगा निघाला.

दुसरी अडचण हळूहळू लक्षात आली. दोघं खेळत आणि बाकीचे आपापल्या घरी आपापली कामं करत. नंबर आला की मेसेज जायचा, मग तो संगणक उघडायचा. दोन महिन्यांत हजेरी सातावरून तिघांवर आली. क्योने एक साधी गोष्ट केली: साडेआठ ते साडेदहा गटाचा व्हॉइस कॉल उघडा ठेवायचा, चालू लढत बाकीच्यांनी फाइटकेडमधूनच बघायची, आणि नंबर तोंडी लावायचा. हजेरी पुन्हा पाच-सहावर गेली. खेळ तोच होता; फक्त थांबायची जागा परत मिळाली होती. पहिल्याच रविवारी हे सुचायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. पण पिंगच्या आकड्यांत गुंतलेल्या माणसाला रांग दिसत नाही.

काय केलं : मशीन

मशीन साधारण 80 किलोचं. खोली 32 इंच, पोटमाळ्याच्या तोंडाची उंची त्याहून कमी. वर चढवताना ते पाठीचं दार काढून आडवं नेलं होतं, हे काकांना उतरवताना आठवलं. मागचं दार, नंतर पडद्याची ट्यूब आणि तिची चासी (ट्यूब चालवणारं सर्किट) काढून खोका वेगळा उतरवला. टेम्पोला 2,200 गेले. क्योच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ठेवायचं ठरलं होतं; कमिटीने दुसऱ्या आठवड्यात हलवायला सांगितलं. तिथून ते टेरीच्या दुकानामागच्या खोलीत गेलं. जागा आधी लेखी न ठरवता मशीन हलवणं ही या प्रकरणातली सर्वांत टाळता येण्यासारखी चूक.

बोर्ड. अनेक एमव्हीएस बोर्डांवर 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती फक्त सेटिंग आणि हिशेबाचे आकडे जपते, तिच्याशिवाय गेम चालतो. पण वर्षानुवर्षं पडून राहिली की गळते आणि क्षार तांब्याच्या रेषा खातो. इथे चार रेषा हिरव्या पडल्या होत्या, एक तुटली होती. बॅटरी कापून काढली, डागावर पांढरं व्हिनेगर लावून क्षार मारला, पाण्याने धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुकवलं आणि तुटलेल्या रेषेवर बारीक तारेचा पूल घातला. नव्या जागी कॉइन सेलचा होल्डर बसवला, पण आधी चार्जिंगचा मार्ग डायोडने अडवून. लिथियमचा साधा सेल चार्ज झाला तर फुटू शकतो.

चालू केल्यावर चित्र येई आणि दर काही सेकंदांनी टक् आवाज होऊन सगळं पुन्हा सुरू होई. बोर्ड गेला म्हणून चिझुरूने तिसरा पर्याय पुन्हा मांडला. टेरीने मीटर लावला: सप्लायवर 5.0 व्होल्ट, पण बोर्डाच्या कडेवर 4.6. जुन्या हार्नेसच्या, म्हणजे बोर्डाला जोडणाऱ्या जुडग्याच्या, बारीक, काळ्या पडलेल्या तारांमध्ये बाकीचे गळत होते. व्होल्टेज नेहमी बोर्डावर मोजावं, सप्लायवर नव्हे. नवा एसएमपीएस (वीज सप्लाय) आणि 56 पिनांचा जामा, म्हणजे पार्लर मशीनच्या प्रमाण जोडणीचा, हार्नेस 2,800 रुपयांत आला, बोर्डावर 5.05 ठेवलं, रीसेट थांबलं.

ट्यूब. खोक्यात साध्या रंगीत टीव्हीचीच 21 इंची ट्यूब आणि चासी होती. आपल्याकडच्या स्थानिक मशीनमध्ये हे सर्रास असे. पडद्यावर मधोमध एक आडवी पांढरी रेघ, बाकी अंधार: व्हर्टिकल सेक्शन, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा भाग, बंद. हे काम टेरीने केलं नाही आणि तोच योग्य निर्णय. ट्यूबच्या ॲनोडवर वीस हजार व्होल्टहून जास्त दाब असतो आणि तो मशीन बंद केल्यावरही राहू शकतो; शिवाय टीव्हीची चासी मेनशी थेट जोडलेली असते, म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. या मशीनमध्ये तो नव्हताच. एका जुन्या टीव्ही मेकॅनिकने ट्यूब डिस्चार्ज केली, व्हर्टिकल आयसी आणि त्याभोवतीचे कपॅसिटर बदलले, ड्राय सोल्डर ताजं केलं, ट्रान्सफॉर्मर बसवला. 3,500 रुपये. दरम्यान चिझुरूने आणलेली स्वस्त कन्व्हर्टर पट्टी लावून एलसीडीवरही खेळून पाहिलं. बोर्डाचा सिग्नल 15 किलोहर्ट्झचा, नवे पडदे तो सरळ घेत नाहीत. पट्टी आणि पडदा मिळून उशीर होतो. वरून उडी मारून येणाऱ्याला हवेतच मारणं खेळणाऱ्या दोघांनाही साधेना, तेव्हा त्याने स्वतःच पट्टी काढली.

दांड्या. इथे 4,200 खर्च झाले, त्यातले बहुतेक वाया. जपानी पद्धतीच्या नव्या दांड्या आणल्या. त्यांच्या तळाशी चौकोनी गेट, म्हणजे दांडीची हालचाल अडवणारी चौकट, असतं. जुन्या स्थानिक दांडीचा घेर गोल होता. इओरीची ती प्रसिद्ध पकड, म्हणजे पुढून मागे अर्धगोल आणि पुन्हा पुढे, गोल कडेला घासत निघते. चौकोनात हात कोपऱ्यात अडकतो. इओरीला तासाभरात तीनदासुद्धा ती निघाली नाही आणि नवीन गेट शिकायला तो पुण्याहून आला नव्हता. शेवटी जुन्याच दांड्या साफ करून, नवे मायक्रोस्विच आणि स्प्रिंग घालून परत बसवल्या. बटणं मात्र 28 मिलिमीटरची लांब आट्यांची घेतली होती, ती जुन्या भोकांत नीट बसली. 30 मिलिमीटरची जपानी बटणं घेतली असती तर पॅनेल कोरावं लागलं असतं.

निर्णयाचा खरा क्षण : डी बटण

नवा हार्नेस बसवताना टेरीला कच्च्या बाजूचं कोडं सुटलं. बटण खराब नव्हतंच. जामाच्या मूळ मांडणीत प्रत्येक खेळाडूला तीन बटणं. एमव्हीएस चौथ्यासाठी 25 नंबरची पिन आणि मागच्या बाजूची तिच्या समोरची पिन वापरतो. मूळ कारागिराने पहिल्या बाजूची तार ओढली होती, दुसऱ्या बाजूची ओढलीच नव्हती. टेरीने, कोणीही चांगला मेकॅनिक करेल तसं, ती जोडून टाकली.

पहिल्या भेटीला पाच जण जमले. क्यो सलग अकरा लढती जिंकला. पूर्वी असं होत नसे. कच्च्या बाजूला सी-डी नसल्याने जिंकणारा चार-पाच लढतींत दमून उतरायचाच. आता उठवणारं काही उरलं नाही. दुपारी चिझुरू लवकर निघाला. रात्री त्याने गटावर लिहिलं की ज्या मशीनसाठी पैसे दिले ते हे मशीन नाही. टेरीला ते लागलं, आणि लागण्यासारखंच होतं. सगळं काम त्याने फुकट केलं होतं.

पुढे दीड महिना भेट नाही. पर्याय तीन निघाले: तार परत कापायची, तार ठेवून जिंकणाऱ्याने डी दाबायचं नाही असा शब्द द्यायचा, किंवा मध्ये स्विच टाकायचा. शब्दावर चालणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, ऐन वेळी बोट जातंच. आथेनाने टेरीशी वेगळं बोलून त्याला तार कापायला लावणं टाळलं. दुसऱ्या बाजूच्या डीच्या तारेत एक साधा टॉगल स्विच घातला आणि कॉइनच्या दाराआड बसवला. जिंकणारा सरकला की स्विच बंद. पाहुणा खेळायला आला तर चालू. तीस-चाळीस रुपयांचं काम.

पुढे काय झालं

रविवारचा कॉल चालू आहे, पाच जण नियमित असतात. मशीनवर दोन महिन्यांतून एकदा बैठक होते. बोर्डावरचा सेटिंगचा डीआयपी स्विच 7 चालू करून कॉइनची गरज काढून टाकली आहे, तरी कॉइन काचेवर ठेवला जातोच. 24,500 पैकी 23,000 खर्च झाले, उरलेले मेकॅनिकच्या पुढच्या फेरीसाठी ठेवले. चिझुरू ऑनलाइन येतो, मशीनवर येत नाही. टेरीशी त्याचं बोलणं आहे, पण पूर्वीसारखं नाही. दायमोन सुट्टीत येऊन एकदा खेळून गेला. चांग अजून यायचा आहे.

पावसाळ्यात प्लाय फुगतो आणि कडेचे संपर्क काळवंडतात. टेरी आठवड्यातून तासभर मशीन चालू ठेवतो, आतल्या उबेने दमट हवा निघते. कनेक्टर वर्षातून एकदा अल्कोहोलने पुसायचे ठरले आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

हात लावण्यापूर्वी मशीनची 'जसं आहे तसं' नोंद व्हायला हवी होती: प्रत्येक तारेचा फोटो, कुठलं बटण कुठे चालतं, दांडीचा घेर, सेटिंगचे पडदे. आणि तीच यादी सातही जणांना विचारायला हवी होती की यातला बिघाड कोणता आणि आपला नियम कोणता. डी बटणाची गोष्ट दहा मिनिटांत बाहेर आली असती. दांड्यांचे पैसेही वाचले असते.

मालकीचा कागद अजून नाही. सात जणांचे सारखे पैसे, जागा एकाची, दुरुस्ती त्याचीच. टेरीने दुकान सोडलं तर मशीन कोणाकडे जाणार आणि चिझुरूचा हिस्सा परत द्यायचा का, यावर एक पानभर लिहून सह्या घेणं पहिल्या वर्गणीबरोबरच सोपं होतं. आता विषय काढला की तो चिझुरूवर रोख वाटतो.

राहता राहिलं कार्ट्रिज. बनावट कार्ट्रिजवर बऱ्याचदा ईप्रॉम चिप असतात, म्हणजे वरच्या काचेच्या खिडकीतून प्रकाशाने पुसता येणाऱ्या. त्यांच्यातला भार वर्षांनी झिरपतो, आणि खिडकीवरचं लेबल निघून ऊन लागलं तर लवकर. आतली आवृत्ती नेमकी कोणती, हे चिप वाचूनच कळेल. प्रोग्रामर यंत्र टेरीच्या ओळखीच्या एका दुकानात आहे, चिप सॉकेटमध्ये आहेत, सोल्डर काढावं लागणार नाही. काम एका दुपारचं आहे, आणि ते येत्या पावसाळ्याच्या आत झालं पाहिजे.